सिस्टरांचा वाकडा गालिचा

जालन्यात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय विचारणार, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. खाणं कसलं, पाहुणे किती, गाडी कुठं लावणार, नळाला पाणी आलं की आधी कोण भरणार. सिस्टरांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी मला आणि बायकोला काचेच्या पेल्यांतून दुधाशिवायचा चहा दिला, साखरेचा खडा दाताखाली धरून तो कसा प्यायचा ते करून दाखवलं आणि मग अट सांगितली.

"दिवाळी झाली की मी वर राहायला जाते. शिमगा झाला की खाली येते. तुमी त्याच्या उलटं करायचं. जमत असंल तर राहा, बिलकुल बळजबरी न्हाई."

मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, थट्टा करत असेल. बायकोनं मात्र जिना उतरायच्या आत हिशोब लावला. उन्हाळ्यात खालचा मजला गार आणि वरचा भट्टी. हिवाळ्यात वर कोवळं ऊन आणि खाली हुडहुडी. म्हणजे सिस्टर बारा महिने सुखात आणि आपण बारा महिने चुकीच्या मजल्यावर. तरीही आम्ही ते घर घेतलं. मला रोज बदनापूरला नोकरीला जायचं होतं, स्टेशन जवळ होतं, आणि तो चहा प्यायल्यावर त्या बाईंना नाही म्हणणं दोघांनाही जड गेलं.

सिस्टर मूळच्या मंठ्याच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, नवरा जाऊनही झाली होती, पण अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. बाळंतपणापासून कुत्रं चावण्यापर्यंत सगळ्या तक्रारी त्यांच्या ओट्यावर यायच्या. त्या माणसाला आधी रागवायच्या, मग तपासायच्या. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'धावडेकर' केलं. माझं आडनाव ते नाही. माझं गाव धावडा, एवढं त्यांना पुरलं.

हे खालीवर करायचं वेड त्यांनी इराणहून आणलं होतं. तरुणपणी, लग्नाच्या आधी, त्या शिराज शहरातल्या दवाखान्यात नर्स होत्या. त्या काळी तिकडं नर्स हव्या होत्या आणि सिस्टरांना मंठ्यात थांबायचं नव्हतं. भाषेचं कसं जमलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दरवाजा, बाजार, अंगूर, हप्ता. निम्मं तर आपलंच बोलून राह्यले व्हते ते लोक."

शिराजच्या आसपास कश्काई नावाचे मेंढपाळ लोक असतात. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खालच्या गरम मुलखात. वर्षातून दोनदा तंबू, मेंढ्या, म्हातारी माणसं, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड चालायला लागतं. त्यांच्या बायका गालिचे विणतात. माग जमिनीवर आडवा ताणलेला असतो, दोन टोकांना दोन दांड्या, त्या चार खुंट्यांना बांधून. निघायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट गालिचा मागासकट गुंडाळायचा, नव्या मुक्कामी पुन्हा खुंट्या ठोकायच्या आणि पुढं विणायचं. ठोकताना ताण थोडातरी बदलतोच. म्हणून त्या गालिच्याची कड सरळ नसते, कुठं फुगते, कुठं आत जाते. सिस्टर त्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि सांगायच्या, "हे बघा, इथं मुक्काम हलला."

असा एक माग आमच्या घरात होता. खालच्या हॉलमध्ये फरशी फोडून त्यांनी चार भोकं पाडली होती. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडायला गवंडी तयार होईना, तेव्हा भिंतीच्या बुडाशी लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. विणलेल्या भागावरच मांडी घालून त्या पुढचं विणायच्या. ओळ झाली की लोखंडी पंजानं ती ठोकून घट्ट बसवायच्या. दुपारभर घरात तो धप धप आवाज. दिवाळी झाली की माग गुंडाळायचा आणि जिन्यानं वर न्यायचा. एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं टोक धरायला सिस्टर. पण त्या टोक कमी धरायच्या आणि हुकूम जास्त सोडायच्या.

"सावकाश, धावडेकर. पोटुशी बाई हाय असं समजून न्या."

"सिस्टर, मला ऑफिस आहे."

"जल्दी कोणाला हाय?"

हे त्यांचं सगळ्यांना उत्तर होतं. रिक्षावाल्याला, गॅसवाल्याला, माझ्या साहेबांचा फोन आला तर साहेबांनासुद्धा.

विणायला समोर नक्षा नसायचा. कश्काई बायका डोक्यातून विणतात आणि मधल्या मोकळ्या जागेत जे दिसेल ते घालतात: कोंबडी, उंट, कंगवा, पाहुणा. सिस्टरांनी तीच रीत जालन्यात चालवली. त्यांच्या गालिच्यात मोसंबीचं झाड होतं, पाण्याचा टँकर होता. हातात डबा घेऊन मान खाली घातलेला एक माणूसही होता. "बदनापूरची गाडी चुकल्यावर तुमी असेच दिसता," असं त्यांनी मला सांगितलं. बायको ते बघून जेवढी हसली तेवढी माझ्या कुठल्याच विनोदाला हसलेली नाही.

समोर राहणाऱ्या वकीलसाहेबांची गाडी रोज सिस्टरांच्या फाटकापुढं उभी असायची. सांगून झालं, भांडून झालं. एक दिवस सिस्टरांनी त्यांना मानानं चहाला बोलावलं आणि गालिच्यावर नेमकी जागा दाखवून बसवलं. वकीलसाहेबांच्या मांडीशेजारी एक चार पायांचा प्राणी विणलेला होता. अंग काळं, गळ्यापाशी पांढरं, डोक्यावर दोन शिंगं.

"हे काय आहे, सिस्टर?"

"बोकड हाय."

"कोट घातलाय त्यानं?"

"न्हाई हो. काळंच हाय ते. गळ्यापाशी तेवढं पांढरं."

वकीलसाहेबांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवसापासून गाडी कोपऱ्यावर लागायला लागली. आता तरी बोकड काढून टाका, असं बायको म्हणाली, तर सिस्टर म्हणाल्या, बोकड चांगला जमलाय, राहू दे.

लोकर यायची धनगरांकडून. दिवाळीनंतर आसपासच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसायला यायच्या, तेव्हा सिस्टर रिक्षा करून तिथं जायच्या. एका धनगर बाईशी त्यांची जुनी दोस्ती होती. तिच्या गुडघ्यांना सिस्टर औषध द्यायच्या, ती यांना लोकर द्यायची, आणि दोघी टकळीवर सूत काढत दिवसभर सुनांबद्दल बोलायच्या. सिस्टरांच्या सुनेबद्दल त्यांना बोलण्यासारखं फारसं नव्हतं, ती बिचारी चांगली होती, पण त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी शोधून बोलायच्या. मग ती लोकर घरी येऊन धुतली जायची, तीही नळाला पाणी आलेल्या दिवशी. सारी गल्ली ड्रम भरायच्या गडबडीत आणि आमच्या अंगणात ओल्या मेंढरांचा वास. आमच्या घरात डाळिंबाची सालं टाकायची बंदी होती. ती वाळवून सिस्टरांना द्यायची, पिवळ्या रंगाला. काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा आणून त्या लाल रंगही उकळायच्या. पण आपल्याकडच्या काळ्या लोकरीवर लाल काही चढत नाही. त्यामुळे गालिचा अर्ध्यापर्यंत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल आणि तिथून पुढं काळा-तपकिरी होता.

तो लाल अर्धा भाग सिस्टरांनी विणलेला नव्हता, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

शिराजच्या दवाखान्यात एक कश्काई बाई अडलेली आली होती. दोन दिवस ती सुटेना. सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा सिस्टरांनी पोर बाहेर काढलं. मुलगी होती. बाईला पुष्कळ दिवस शहराजवळ थांबावं लागलं. नवऱ्यानं गावाबाहेर तंबू टाकला, बाईनं अंगात ताकद आल्याबरोबर माग ताणला आणि पोरीच्या लग्नात द्यायचा गालिचा सुरू केला. पोर पाळण्यात आणि गालिचा लग्नाचा. सिस्टर ड्यूटी संपली की तंबूत जायच्या. विणायला त्या तिथं शिकल्या. मग तिकडं राजाविरुद्ध गडबड सुरू झाली. इकडच्या नर्सना परत जायला सांगितलं. निरोप घ्यायला सिस्टर गेल्या, तर त्या बाईनं खुंट्या उपटल्या, माग गुंडाळला आणि यांच्या हातात दिला.

"ती काय म्हणाली ठाऊक हाय का? म्हणाली, पोरगी दोघींच्या हातची हाय. अर्धा मी केला, अर्धा तू कर. लग्नाला घेऊन ये."

हे सांगताना सिस्टरांचा हात थांबला नव्हता. इकडं आल्यावर नोकरी, लग्न, मुलगा, नवऱ्याचं आजारपण, यात तो माग कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. निवृत्त झाल्यावर पहिलं काम त्यांनी तो खाली काढायचं केलं.

"आता ती मुलगी कुठं असेल, सिस्टर?"

"काय माहीत. आधी पुरा तर होऊ द्या." मग पंजा ठोकून म्हणाल्या, "आमच्या बाळूला हे बोलू नका हां. त्यो पत्ता विचारंल. अन् पत्ता न्हाई माझ्याकडं."

बाळू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशी ओलांडलेला, संभाजीनगरला एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायच्या कामावर. माणूस सोन्यासारखा. दर पंधरा-वीस दिवसांनी आईसाठी पेढे आणि औषधं घेऊन यायचा. पण वाकडं काही दिसलं की त्याला अन्न गोड लागायचं नाही. आल्या आल्या आमच्या जिन्यातलं कॅलेंडर सरळ करायचा. गालिच्यासमोर तर तो कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा.

"आई, हा इकडून चार बोटं जास्त हाय."

"त्या साली धावडेकरांनी खुंटी जोरात ठोकली."

"उसवून सरळ करून घे ना मंग."

"जल्दी कोणाला हाय?"

आईला काहीतरी विरंगुळा आहे, यातच तो खूश होता. आई काय करते आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि सिस्टर आपण होऊन कुणाला काही सांगायच्या नाहीत.

आमची त्या घरातली शेवटची दिवाळी. सिस्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ओळी चुकत होत्या, गाठी निसटत होत्या. शेवटी बाळूनं त्यांना संभाजीनगरला नेलं आणि एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आम्ही सणाला धावड्याला गेलो. घराला कुलूप, माग खालच्या हॉलमध्ये तसाच ताणलेला.

परत आलो तर फाटक उघडं आणि हॉलमध्ये बाळू. त्याचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"साहेब, या या. कसं दिसून राह्यलं सांगा."

गालिचा भिंतीवर होता. काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये. एका कारागिराला बोलावून बाळूनं तो मागावरून कापून घेतला होता. दोन्ही कडा आत दुमडून सरळ रेषेत शिवून घेतल्या होत्या. वरच्या बाजूला एका घोड्याचे नुसते पाय विणून झाले होते, तिथंच गालिचा संपला होता आणि कापलेल्या दोऱ्यांच्या झिरमिळ्या काचेमागं नीट विंचरून ठेवल्या होत्या. जमिनीतली भोकं बुजवून तिथं नवी फरशी आली होती.

"आईला नवे डोळे आले," बाळू म्हणाला. "घरात आल्या आल्या तिला पहिलं हेच दिसावं."

बायको जिना चढून वर निघून गेली. त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघून मी एवढंच म्हणालो, काच चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. काळा चष्मा, हातात पिशवी. बाळूनं त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं. सिस्टर फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"छान केलंस, बाळा," त्या म्हणाल्या.

चहा झाला. पेला खाली ठेवताना त्यांनी विचारलं, "खुंट्या कुठं हायत रे?"

"भंगारात दिल्या, आई. पार गंजल्या होत्या."

"बराबर."

एवढंच बोलून त्या आत जाऊन पडल्या. त्या दिवशी वर जायची गोष्ट त्यांनी काढली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वर्षातला तो मुक्काम त्यांनी पहिल्यांदाच चुकवला. ओट्यावर कुणी दुखणं घेऊन आलं तर न रागावता तपासायच्या, आणि माणसं घाबरून जायची. जेवण अर्धं ताटात. बायको म्हणाली, त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मलाही तसंच वाटत होतं.

बाळूनं रजा वाढवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला.

"आई बोलत न्हाई माझ्याशी. माझं काय चुकलं, साहेब?"

बोलू नका म्हणून मला सांगितलेलं होतं. पण त्या घरात आता न बोलण्यानंच जास्त नुकसान होत होतं. मी त्याला सगळं सांगितलं. अडलेली बाई, ती मुलगी, तंबूतला माग, अर्धा माझा अर्धा तुझा. तो ऐकत होता आणि गच्चीच्या कठड्यावरचा पोपडा नखानं काढत होता.

"तुमाला सांगितलं. मंग मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"तुम्ही पत्ता विचाराल म्हणाल्या."

त्यानं पोपड्याचा आणखी एक तुकडा काढला. "विचारलाच असता," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग तो खाली गेला. फ्रेम भिंतीवरून उतरवायला त्यानं मला हाक मारली. काच काढली. गालिचा जमिनीवर पसरून त्यानं ब्लेडनं कडांची शिवण स्वतः उसवली, टाका टाका सावकाश. दुमडलेला भाग उलगडत गेला तसे ते सगळे मुक्काम पुन्हा बाहेर आले. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आई, तुटलेला धागा सांधता येतो का?"

"धागा येतो."

"मंग समदेच सांधू."

"शेकड्यांनी हायत रे ते."

"थांब, मोजून घेतो."

सिस्टर हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मोजू नको, बाळा," त्या म्हणाल्या. "एकेक घे."

खुंट्यांसाठी तो जाऊन लोखंडाच्या सळ्या कापून घेऊन आला. चारही नेमक्या एका मापाच्या. सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंच बसवलेली नवी फरशी त्यानंच फोडली. गालिच्याची खालची बाजू दांडीला शिवून टाकली, वरच्या बाजूला नवे दोरे ताणायला घेतले. कापलेल्या प्रत्येक झिरमिळीला एक नवा दोरा, एक बारीक गाठ. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला मुलगा. गाठ अशी हवी की ताण आला तर आणखी आवळेल. बाळूची बोटं जाड, गाठ त्याला जमेना. सिस्टर त्याचा हात हातात धरून दाखवायच्या, जसं मुलाला पहिल्यांदा नाडी बांधायला शिकवतात तसं. मधेच स्वतःच्याच कामावर खेकसायच्या. नव्या डोळ्यांना आता सगळं लख्ख दिसत होतं.

"हे कोणी विणलं? आंधळ्यानं विणलं का काय?"

"तूच विणलंस, आई."

"मंग बोलला का न्हाईस कधी?"

असे कितीतरी दिवस गेले. बाळू रजा संपल्यावर दर शनिवारी यायचा. पूर्वी तो आला की चहा, पेढे, औषधं, कॅलेंडर आणि परतीची बस. आता दुपारभर दोघं गालिच्यावर समोरासमोर बसलेले असायचे आणि सिस्टर त्याला शिराजचं सगळं सांगत असायच्या. तंबूत पाऊस कसा यायचा, ती बाई हसताना तोंडावर ओढणी कशी घ्यायची, पोर रडायला लागलं की दोघी मिळून कुठलं गाणं म्हणायच्या. त्यानं पत्ता एकदाही विचारला नाही.

सगळ्या गाठी झाल्या त्या दिवशी माग ताणायचा होता. ताणल्यावर गाठी धरल्या तर गालिचा पुढं जाणार, सुटल्या तर सगळं तिथंच संपलं. पुन्हा सांधायला झिरमिळ्यांची लांबीच उरणार नव्हती. बायको देवापाशी दिवा लावून आली. बाळू आणि मी दांडी ओढायला लागलो. सिस्टर गुडघ्यांवर बसून गाठींच्या रांगेवर हात ठेवून होत्या.

"ओढा. अजून. धावडेकर, तुमी न्हाई, तुमचा हात वाईट हाय. बाळू, तू ओढ."

एक दोरा ताडकन तुटला. मग दुसरा. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. बाळूच्या कपाळावर घाम. आणखी एक तुटला, आणि मग काही तुटलं नाही. दोरे ताठ झाले. सिस्टरांनी त्यावरून बोटं फिरवली, आणि बारीक आवाज निघाला. तुटलेले तीन त्यांनी कसेबसे पुन्हा जोडले, मग सरकत सरकत विणलेल्या भागावर जाऊन बसल्या आणि घोड्याच्या पायांवर पोटाची पहिली ओळ घातली. पंजा ठोकला. तो धप आवाज ऐकून माझ्या बायकोला रडू आलं, आणि मलाही.

बाळू मात्र अजून ओणवून बघत होता. सांधलेल्या जागी गाठींची एक रांग गालिच्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उठून दिसत होती. हातालाही लागत होती.

"आई, हे दिसून राह्यलं गं. वरून दाट लोकर घालून झाकून टाक ना."

"झाकू कशाला?"

"लग्नाचा गालिचा हाय. मी कापला ते दिसंल त्यात."

सिस्टरांनी पंजा बाजूला ठेवला.

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "तिची लेक हाय ह्याच्यात. आता माझा लेकबी दिसू दे."